गारपीट, वादळ आणि अंधाऱ्या रात्री : घरची पूर्वतयारी

प्रास्ताविक

भंडारा जिल्हा हा तलावांचा, वैनगंगेचा आणि धानाचा जिल्हा होय. येथे परदेशासारखा बर्फ पडत नाही. त्यामुळे हिवाळी वादळ आणि त्यामागून येणारा अनेक दिवसांचा अंधार हे आपले संकट नव्हे, असा समज सर्वत्र आढळतो. परंतु हा समज पूर्णपणे खरा नाही. डिसेंबर ते मार्च या काळात विदर्भात गारपीट होते. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्च महिन्यांत विदर्भ, मराठवाडा आणि उत्तर महाराष्ट्राला गारपिटीने झोडपून काढले, हे अनेकांच्या स्मरणात असेल. ऑगस्ट २०२० च्या अखेरीस वैनगंगेला महापूर आला, तेव्हा नदीकाठच्या वस्त्यांत पाण्यापाठोपाठ अंधारही शिरला. कारण कोणतेही असो, वीज गेल्यावर घरासमोर उभे राहणारे प्रश्न सारखेच असतात.

प्रस्तुत लेखात या प्रश्नांचा क्रमाने विचार करावयाचा आहे. वादळ थांबविणे आपल्या हाती नाही. परंतु वादळ ओसरल्यानंतर बंद खोलीत, तुटलेल्या तारेजवळ आणि अंधारात जी जीवितहानी होते, तिच्यापैकी बरीच टाळता येण्यासारखी असते. त्यासाठी पैशापेक्षा माहिती आणि शिस्त अधिक लागते, हेच या लेखाचे सूत्र आहे.

१. गारा का पडतात, वीज का जाते?

हिवाळ्यात आणि उन्हाळ्याच्या तोंडावर वायव्येकडून थंड हवेचे प्रवाह मध्य भारतावर येतात. त्याच वेळी समुद्रावरून आलेली दमट हवा खालच्या थरात असते. या दोहोंची गाठ पडली की उंचच उंच ढग तयार होतात. ढगातील हवा वेगाने वर चढते व पाण्याचे थेंब गोठणबिंदूच्या वरच्या थंड थरात नेते. तेथे बर्फाच्या कणावर पाण्याचे थर गोठत जातात. वर चढणाऱ्या हवेला त्यांचा भार पेलवेनासा झाला की गारा जमिनीवर कोसळतात. उभा हरभरा, लाखोरी, जवस जमीनदोस्त होतात आणि घरावरचे कवेलू फुटतात.

विजेच्या तारांवर संकट निरनिराळ्या वाटांनी येते. झाडांच्या फांद्या तारांवर पडतात. वाऱ्याने तारा एकमेकींना घासतात. आकाशातील विजेने चिनी मातीचे इन्सुलेटर फुटतात. एखादा खांबच आडवा होतो. शहरातील बिघाड काही तासांत दुरुस्त होतो. पण शेतातून, बोडीच्या पाळीवरून गेलेल्या ११ के.व्ही.च्या वाहिनीवरील बिघाड शोधण्यासाठी कर्मचाऱ्यांना चिखल तुडवीत मैलोगणती चालावे लागते. म्हणून गावाने निदान तीन दिवसांच्या अंधाराची तयारी ठेवावी.

वीज गेली म्हणजे केवळ दिवे गेले असे नव्हे. नळयोजनेचा पंप थांबतो, पिठाची चक्की थांबते, काही तासांनी मोबाईलचे टॉवरही बंद पडतात. वीज ही चैनीची वस्तू नव्हे. १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात श्रमखात्याचे सदस्य असताना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांकडे पाटबंधारे व विद्युतशक्ती हे विषयही होते. मुबलक आणि स्वस्त वीज ही देशाच्या औद्योगिक उन्नतीची अट आहे, असा त्यांचा आग्रह होता. १९४४ मध्ये केंद्रीय तांत्रिक विद्युत मंडळाची स्थापना त्यांच्याच कारकिर्दीत झाली. ज्या विजेवर आपले जीवन इतके अवलंबून आहे, ती नसताना कसे वागावे याचेही ज्ञान आपणास असले पाहिजे.

२. दूरदेशीच्या दोन प्रसंगांचा धडा

जानेवारी १९९८ मध्ये कॅनडाच्या पूर्व भागात आणि शेजारच्या अमेरिकेत सहा दिवस गोठणारा पाऊस पडला. पावसाचे पाणी तारांवर, खांबांवर, झाडांवर पडताच त्याचा बर्फ होत गेला. त्या भाराने सुमारे हजार पोलादी मनोरे आणि हजारो लाकडी खांब कोसळले. चाळीस लाखांहून अधिक लोक अंधारात गेले. काही कुटुंबांना वीज परत मिळण्यास महिना लागला. कडाक्याच्या थंडीत घर उबदार ठेवण्याच्या धडपडीत काही जण विषारी वायूने दगावले. फेब्रुवारी २०२१ मध्ये अमेरिकेतील टेक्सास राज्यात असेच घडले. लाखो घरांची वीज गेली. लोकांनी घरात कोळसा पेटविला, बंद गॅरेजमध्ये मोटारी चालू ठेवल्या आणि त्यात जीव गमावले.

हे देश श्रीमंत आहेत, त्यांच्याकडे यंत्रसामग्री आहे. तरीही उबेसाठी पेटविलेला विस्तव तेथे काळ ठरला. आपल्याकडे डिसेंबर-जानेवारीत पारा दहा अंशांच्या खाली उतरतो, तेव्हा शेगडी खोलीत घेऊन झोपण्याची सवय अनेक घरांत आहे. म्हणून हा धडा आपलाही आहे.

३. बंद खोलीतील शेगडी

लाकूड, कोळसा, गोवरी किंवा रॉकेल अपुऱ्या हवेत जळले की कार्बन मोनॉक्साइड नावाचा वायू तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातील हिमोग्लोबिन प्राणवायूला धरते, पण या वायूला त्याच्या दोनशेपटींहून अधिक घट्ट धरते. परिणामी श्वास चालू असूनही शरीराला प्राणवायू मिळत नाही. झोपलेल्या माणसाला तर काही कळण्यापूर्वीच शुद्ध हरपते.

“धूर नाही म्हणजे धोका नाही” ही समजूत सर्वांत घातक होय. लालबुंद निखारे धूर देत नाहीत, पण वायू मात्र देतच राहतात. म्हणून पुढील नियम पाळावेत:

(अ) शेकोटी अंगणात करावी. शेगडी पेटवून बंद खोलीत कोणीही झोपू नये. थंडीवर उपाय म्हणून सर्वांनी एकाच खोलीत झोपावे, जमिनीवर तणस किंवा पोते पसरून त्यावर सतरंजी घालावी, कानटोपी व पायमोजे घालावेत.

(आ) जनरेटर घरात, ओसरीत किंवा दुकानाच्या बंद शटरमागे चालवू नये. तो दारा-खिडक्यांपासून वीस फूट तरी दूर, उघड्यावर ठेवावा.

(इ) घरातील अनेकांना एकाच वेळी डोकेदुखी, चक्कर, मळमळ, अशक्तपणा जाणवू लागला तर ते अन्नातून झाले असे समजून पडून राहू नये. ताबडतोब दारे उघडून सर्वांना मोकळ्या हवेत न्यावे आणि १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.

४. तुटलेली तार आणि परतणारी वीज

वीज गेली आहे, म्हणजे पडलेली तार मेलेली आहे, असे कधीही मानू नये. उपकेंद्रातून प्रवाह केव्हाही पुन्हा सुरू होऊ शकतो. तार पडलेली दिसताच निदान तीस फूट दूर राहावे, मुलांना व जनावरांना दूर ठेवावे आणि महावितरणला १९१२ या क्रमांकावर कळवावे. तक्रारीचा क्रमांक टिपून ठेवावा. तार पाण्यात, चिखलात किंवा काटेरी कुंपणावर पडली असल्यास धोका अधिक दूरवर पसरतो. पडलेल्या तारेभोवतीच्या जमिनीतही प्रवाह असतो, त्यामुळे दोन पावलांमध्ये अंतर पडले तरी झटका बसतो. आपण अशा जागी सापडलो तर पाय जुळवून, जमिनीवरून न उचलता, सरकत सरकत दूर जावे.

घरात कोणाला झटका बसला तर आधी मेन स्विच बंद करावा. त्या माणसाला हाताने ओढू नये. बाहेरच्या उच्च दाबाच्या तारेजवळ मात्र कोरडी काठीही भरवशाची नाही. तेथे प्रवाह बंद झाल्याची खात्री होईपर्यंत कोणीही धाव घेऊ नये. वाचवायला गेलेला दुसराही सापडतो, हे दुःखद सत्य आहे.

कवेलू फुटून भिंती ओल्या झाल्या असतील तर मेन स्विच बंद ठेवावा. विजा चमकत असताना छप्पर शाकारायला वर चढू नये. चमक दिसल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंत सेकंद मोजावेत. तीन सेकंदांना सुमारे एक किलोमीटर हा हिशेब आहे. हे अंतर तीस सेकंदांपेक्षा कमी असेल तर पक्क्या घराचा आसरा घ्यावा आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर पडू नये. झाडाखाली तर उभे राहूच नये. वीज गेलेली असताना पंखा, मोटारपंप, टी.व्ही., फ्रीज यांची बटणे बंद करून एक दिवा तेवढा चालू ठेवावा. वीज आली की तो सांगेल. दाब स्थिर झाल्यावरच बाकीची उपकरणे सुरू करावीत.

५. प्रकाश, पाणी, अन्न आणि औषध

प्रकाश : पूर्वी चिमणी, ढिबरी आणि कंदील घरोघरी असत. आता रेशनचे रॉकेल जवळजवळ मिळेनासे झाले आहे. त्याऐवजी एल.ई.डी. विजेरी किंवा सौरकंदील ठेवावा व आठवड्यातून एकदा तपासावा. मेणबत्ती लावावीच लागली तर ती थाळीत उभी करून मच्छरदाणी, पडदे आणि तणस यांपासून दूर ठेवावी, आणि झोपण्यापूर्वी विझवावी.

पाणी : पिण्यास व स्वयंपाकास दर माणशी रोज पाच लिटर धरून तीन दिवसांचे पाणी झाकून ठेवावे. गावातील हातपंप चालू स्थितीत आहे की नाही, हे ग्रामपंचायतीला आधीच विचारावे. पुरानंतर विहिरीचे पाणी उकळूनच प्यावे. जुलाब झाल्यास एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ मिसळून ते वरचेवर पाजावे व दवाखाना गाठावा.

अन्न : दळण आधीच दळून ठेवावे. पोहे, मुरमुरे, फुटाणे, गूळ यांना चूल लागत नाही. फ्रीज न उघडल्यास आतील पदार्थ सुमारे चार तास टिकतात, म्हणून तो वारंवार उघडू नये.

औषध : मधुमेही रुग्णाची न उघडलेली इन्सुलिनची कुपी २ ते ८ अंश तापमानात ठेवावयाची असते. वीज गेल्यास ती कोरड्या, घट्ट झाकणाच्या डबीत घालून ओल्या मडक्याच्या थंडाव्यात ठेवावी. बर्फाला चिकटवू नये, कारण गोठलेले इन्सुलिन निकामी होते. ज्या घरी प्राणवायूचे यंत्र विजेवर चालते, त्यांनी भरलेले सिलिंडर कोठे मिळेल हे डॉक्टरांकडून आधीच ठरवून घ्यावे.

६. विद्यार्थ्यांसाठी

विद्यार्थी मित्रांनो, दहावी-बारावीच्या परीक्षा आणि गारपीट एकाच हंगामात येतात. राज्यात भारनियमनाची वर्षे होती, तेव्हा खेड्यातील मुलांनी बारा-बारा तासांच्या अंधारातही अभ्यास केला. आजही रात्रीच्या विजेवर सगळी भिस्त ठेवू नये. पाठांतर पहाटे, लेखन दिवसा करावे. प्रवेशपत्र, गुणपत्रिका, जातीचा दाखला आणि आधार कार्ड प्लास्टिकच्या पिशवीत बंद करून पेटीत उंचावर ठेवावे. फुटलेल्या कवेलूतून आलेल्या एका रात्रीच्या पाण्याने वर्षाची शिष्यवृत्ती अडकू शकते.

७. मंडळाने करावयाचे काम

प्रत्येक घराने तयारी केली तरी एकट्या म्हातारीच्या घरी कोण जाणार, हा प्रश्न उरतोच. म्हणून वस्तीनिहाय एक यादी करावी. तीत एकटे राहणारे वृद्ध, गरोदर भगिनी, तान्ही बाळे, अपंग व्यक्ती आणि नित्य औषध घेणारे रुग्ण यांची नोंद असावी. दर दहा घरांमागे दोन तरुणांनी अंधाराच्या पहिल्याच संध्याकाळी त्या दारांवर जाऊन चौकशी करावी आणि खोलीत शेगडी पेटलेली नाही ना, हे डोळ्यांनी पाहावे. विहाराचे सभागृह पक्के असेल तर तेथे सौरदिवा, पाण्याची टाकी व प्रथमोपचार पेटी ठेवल्यास ते वस्तीचे आश्रयस्थान होईल. जिल्हा आपत्ती नियंत्रण कक्षाचा १०७७ हा क्रमांक भिंतीवर ठळक लिहावा. मोबाईल बंद पडला तरी भिंत वाचता येते.

सारांश

गार कोणाच्या घरावर पडेल हे सांगता येत नाही. परंतु निखारा खोलीत न्यायचा की अंगणात ठेवायचा, हे आपण ठरवितो. तारेला हात लावायचा की फोन करायचा, हेही आपणच ठरवितो. हा निर्णय अंधारात सुचत नाही. तो उजेडात, सर्वांनी मिळून आधी करून ठेवावा लागतो.

स्वाध्याय

१. निखाऱ्यांचा धूर दिसत नसतानाही बंद खोलीत धोका का असतो?
२. तुटलेल्या तारेजवळून पाय न उचलता सरकत का जावे?
३. चमक दिसल्यानंतर बारा सेकंदांनी गडगडाट ऐकू आला, तर वीज किती दूर पडली असावी?
४. आपल्या घरातील माणसे मोजून तीन दिवसांना लागणाऱ्या पिण्याच्या पाण्याचा हिशेब करा व तेवढी भांडी घरात आहेत का ते पाहा.
५. आपल्या आळीतील कोणत्या घरी पहिल्याच संध्याकाळी चौकशीला जावे लागेल? घरच्यांशी बोलून यादी तयार करा.