विद्यार्थ्यांचा संघ

फुटबॉल म्हटले की गोल चेंडू आणि जाळी लावलेला गोल तुमच्या डोळ्यांसमोर उभा राहील. ऑस्ट्रेलियातील मेलबर्न शहरात मात्र या शब्दाचा अर्थ निराळा आहे. तेथील चेंडू लंबगोल असतो, मैदानही लंबगोल असते आणि प्रत्येक संघात अठरा खेळाडू असतात. चेंडू पायाने मारता येतो, हातात धरून पळता येते. मात्र पळताना तो ठरावीक अंतरावर जमिनीवर आपटावा किंवा टेकवावा लागतो. सहकाऱ्याकडे चेंडू हाताने फेकण्यास मनाई आहे. तो एका हातावर ठेवून दुसऱ्या हाताच्या मुठीने ठोसून द्यायचा असतो. मैदानाच्या दोन्ही टोकांना चार-चार खांब रोवलेले असतात. मधल्या दोन उंच खांबांमधून चेंडू पायाने मारून पार केला की सहा गुण, बाजूच्या खांबांमधून गेला तर एक गुण.

हा खेळ जन्माला आला तो क्रिकेटच्या सोयीसाठी. हिवाळ्यात क्रिकेट बंद असताना खेळाडूंनी अंग मोकळे ठेवावे, म्हणून टॉम विल्स या क्रिकेटपटूने १८५८ च्या जुलैमध्ये वृत्तपत्राला पत्र लिहून फुटबॉलचा क्लब काढण्याची सूचना केली. पुढच्याच वर्षी खेळाचे पहिले नियम लिहिले गेले. मेलबर्न विद्यापीठाचा क्लबही त्याच १८५९ सालचा. म्हणजे खेळ आणि हा क्लब जवळजवळ एकाच वयाचे!

पुढील काळात फुटबॉल हा मेलबर्नच्या कामगार वस्त्यांचा प्राण बनला. उपनगर म्हणजे संघ आणि संघ म्हणजे उपनगर, अशी स्थिती झाली. १८९७ साली व्हिक्टोरियन फुटबॉल लीग ही आठ संघांची स्पर्धा सुरू झाली. १९०८ मध्ये तीत आणखी दोन संघांना प्रवेश मिळाला. एक होता रिचमंड या उपनगराचा, दुसरा विद्यापीठाचा.

विद्यापीठाच्या संघामागे एखादे उपनगर नव्हते. मॅट्रिक किंवा त्यापुढील परीक्षा उत्तीर्ण झालेल्यांनाच त्यात स्थान असे. गिरणी-गोदीत राबणाऱ्या चपळ तरुणांतून खेळाडू निवडण्याची जी मुभा इतर संघांना होती, ती या संघाने स्वतःहून नाकारलेली होती. तरीही प्रारंभीची वर्षे बरी गेली. १९१० साली तर या ‘विद्यार्थ्यांनी’ दहा संघांत सहावा क्रमांक मिळवला. तीच त्यांची सर्वोच्च कामगिरी ठरली.

१९११ साली लीगने खेळाडूंना मोबदला देण्यास अधिकृत परवानगी दिली. तोपर्यंत पैसे दिले जात नव्हते असे नाही. ते गुपचूप दिले जात. आता ते उघडपणे देता येऊ लागले. विद्यापीठाच्या संघापुढे तेव्हा कोणते मार्ग होते, याचा पुढे वाचण्यापूर्वी क्षणभर विचार करा. पैसे देऊन खेळाडू आणता आले असते. प्रवेशाची अट सैल करता आली असती. संघाने यांपैकी काहीही केले नाही. त्याचे खेळाडू हौशीच राहिले. त्यांतील अनेक जण वैद्यकाचे विद्यार्थी होते. त्यांना रुग्णालयातील काम आणि परीक्षा सांभाळूनच मैदानावर यावे लागे.

परिणाम गुणतक्त्यात लगेच दिसला. १९११ ते १९१४ अशी सलग चार वर्षे विद्यापीठ तळाला राहिले. १९१२ च्या हंगामाच्या आरंभी मिळालेला विजय अखेरचा ठरला. त्यानंतर संघ सलग ५१ सामने हरला. १९१३ मध्ये अठरापैकी अठरा पराभव, १९१४ मध्ये पुन्हा अठरापैकी अठरा!

या आकड्यांवरून संघात गुणी खेळाडूच नव्हते, असा समज होईल. तो खरा नाही. एकही सामना न जिंकलेल्या १९१३ च्या हंगामात रॉय पार्क या ठेंगण्या खेळाडूने पन्नासहून अधिक गोल केले. पुढे तो डॉक्टर झाला आणि १९२० साली ऑस्ट्रेलियाकडून एक कसोटी सामनाही खेळला. त्यात तो पहिल्याच चेंडूवर बाद झाला! त्याच क्लबचा आल्बर्ट हार्टकोफ हाही डॉक्टर आणि त्याच्याही वाट्याला एकच कसोटी आली. पण पहिल्याच डावात त्याने ८० धावा काढल्या.

१९१४ चा हंगाम संपताच विद्यापीठाने लीग सोडली. पार्कसह काही खेळाडू मेलबर्न संघाकडे गेले. नऊ संघ उरल्याने १९१५ मध्ये दर फेरीत एका संघाला रिकामे बसावे लागे. पण तोवर महायुद्ध पेटले होते आणि पराभवांच्या मोजदादीला फारसा अर्थ उरला नव्हता. या संघातून खेळलेला वैद्यकाचा विद्यार्थी रूपर्ट बाल्फ २५ एप्रिल १९१५ रोजी, गॅलिपोलीच्या किनाऱ्यावर सैन्य उतरले त्याच दिवशी, मारला गेला. क्लबचे इतरही खेळाडू रणांगणावरून परतले नाहीत.

युद्धानंतर क्लब पुन्हा उभा राहिला, पण लीगकडे वळला नाही. हौशी खेळाडूंच्या स्पर्धेत त्याने एकाऐवजी दोन संघ उतरवले. क्लबचे रंग काळा आणि निळा. एका संघाने काळ्याचे नाव घेतले, दुसऱ्याने निळ्याचे. १९९६ साली विद्यापीठात स्त्रियांचाही फुटबॉल क्लब स्थापन झाला. काळे आणि निळे आजही हौशी स्पर्धेतच खेळतात आणि अधूनमधून एकमेकांविरुद्धही उभे ठाकतात. अशा दिवशी विद्यापीठाचा एक संघ हरतो, तेव्हा बहुधा दुसरा जिंकलेला असतो.