मुलांच्या चालीने
अभ्यासपाठ : मांडवांचा सण, आपले गायनमेळे व लहान मुले

वाचावयाचे शास्त्रभाग : उत्पत्ति ३३:१२-१७, लेवीय २३:३३-४३, अनुवाद ३१:९-१३, नहेम्या १२:२७-४३, लूक २:४१-५२.

पिके घरात आली म्हणजे आपल्या मंडळ्यांतून भजनमेळ्यांचे दिवस सुरू होतात. दोन-तीन रात्री मांडवात किंवा तंबूत मुक्काम, गावोगावच्या भजनी मंडळ्या, पेटी, तबला व टाळ यांचा गजर, आणि सर्वांची एक पंगत. ह्या आनंदाबरोबर एक जुना वादही पुष्कळ ठिकाणी उभा राहतो. मुले रडतात, मध्येच उठतात, उपदेशात व्यत्यय येतो. म्हणून पाच-सहा वर्षांखालील मुलांस घरीच ठेवून यावे, असे काही वडील मंडळींचे म्हणणे असते. हेतु शांतता राखण्याचा असेल, परंतु परिणाम काय होतो तो पाहावा. मूल घरी राहिले म्हणजे आई घरी राहिली. मग मेळा भरतो तो पुरुषांचा, आणि वर्षभर रविवारची भाकरी भाजून सर्वांच्या मागून मंदिरात येणारी बहीण त्याही दिवशी चुलीपाशीच राहते. ह्या प्रश्नाचा निकाल आपल्या सोयीने न करता शास्त्र काय सांगते ते आधी पाहू.

देवाने इस्राएलास जे सण लावून दिले, त्यांत घर सोडून बाहेर राहण्याचा सण एकच, तो मांडवांचा. सातव्या महिन्याच्या पंधराव्या दिवसापासून सात दिवस, खळ्यातले धान्य व कुंडातला द्राक्षरस साठवून झाल्यावर, लोकांनी झाडांच्या फांद्यांचे मांडव करून त्यांत राहावे अशी आज्ञा होती. कारणही सांगितले आहे : मिसर देशातून काढून आणिले तेव्हा आपले पूर्वज मांडवांत राहिले, हे पुढील पिढ्यांस कळावे. पुढील पिढी म्हणजे कोण? जी आज कडेवर आहे तीच. वर्षातून तीन वेळा देवासमोर हजर होण्याची सक्ती पुरुषांवर होती हे खरे. पण अनुवादाच्या सोळाव्या अध्यायात ह्याच सणाचा आनंद कोणी करावा ते सांगताना मुलगा, मुलगी, दास, दासी, लेवी, परका, पोरका व विधवा ह्या सर्वांची नावे घेतली आहेत. आणि दर सातव्या वर्षी ह्या सणात नियमशास्त्र वाचून दाखवावयाचे, त्या वेळी बायका व बालके यांसही जमविण्याची स्पष्ट आज्ञा आहे, अशासाठी की ज्या मुलांस अजून काही ठाऊक नाही त्यांनी ऐकावे. ज्याला समजते त्यानेच यावे, असे मोशेने म्हटले नाही. ज्याला समजत नाही त्यालाच आणा, असे म्हटले.

हा सण गायनाचाही होता. इसवी सनाच्या सुमारे २०० ह्या वर्षी यहूदी गुरूंच्या परंपरा मिश्ना नावाच्या ग्रंथात एकत्र करण्यात आल्या; त्यांत यरुशलेमेतील ह्या सणाच्या रात्रींचे वर्णन आहे. मंदिरातील स्त्रियांच्या अंगणात उंच सोन्याचे दीपस्तंभ पेटवीत, त्यांच्या वाती याजकांच्या जीर्ण वस्त्रांच्या असत, आणि नगरातले एकही अंगण त्या उजेडावाचून राहत नसे. मान्यवर पुरुष हाती मशाली घेऊन नाचत. लेवी लोक वीणा, सारंग्या, झांजा व कर्णे घेऊन पंधरा पायऱ्यांवर उभे राहून वाजवीत. ह्या पायऱ्यांचा संबंध तो ग्रंथ पंधरा आरोहणस्तोत्रांशी, म्हणजे १२० ते १३४ ह्या स्तोत्रांशी जोडतो. ती स्तोत्रे उघडून पाहा. बहुतेक लहान आहेत, १३१, १३३ व १३४ ही तर तीन-तीन ओव्यांचीच. १२८ व्यात मुले मेजाभोवती आहेत, १३१ व्यात दूध तुटलेले बालक आईपाशी स्वस्थ आहे. ज्या गीतसंग्रहात मुलांना इतकी जागा आहे तो मुलांना घरी ठेवून गाइला जात असेल असे मला वाटत नाही. आपला प्रभूही ह्याच सणास वर गेला व तेथे बोलला; योहानाचा सातवा अध्याय त्या दृष्टीने पुन्हा वाचावा.

नहेम्याच्या बाराव्या अध्यायात तटाच्या समर्पणाचा प्रसंग आहे. गाणाऱ्यांच्या दोन मोठ्या टोळ्या तटावरून दोन दिशांनी निघाल्या, झांजा, सारंग्या व वीणा वाजल्या, आणि लेखक मुद्दाम नोंद करितो की बायका व मुलेही आनंदली. तो आनंद दूरवर ऐकू गेला. त्या ध्वनीतून मुलांचा आवाज वगळला असता तर तो किती दूर गेला असता कोण जाणे.

येथवर एक बाजू झाली. पण मुलांस आणावे एवढे म्हणून जो थांबतो, त्याने अर्धेच शास्त्र वाचले. पहिल्या शमुवेलात हन्ना आपले तान्हे दूध तुटेपर्यंत शिलो येथे गेली नाही, आणि एलकानाने तिचा निर्णय मानला. घरी राहिली म्हणून तिची भक्ति उणी झाली नाही. अमुक वयाचे मूल आणावे की नाही हे त्याच्या आईस ठरवू द्यावे. पंचांनी त्यात ठराव करू नये. मिश्नात ह्याविषयी दोन गुरुकुलांचा मतभेद आहे. मंदिराच्या डोंगरावर हजर होण्याच्या नियमातून कोणते मूल सुटते? शम्मायाचे शिष्य म्हणत, जे बापाच्या खांद्यावर बसून वर जाऊ शकत नाही ते. हिल्लेलाचे शिष्य म्हणत, जे बापाचा हात धरून चालत चढू शकत नाही ते. शम्माय मोठा कडक. आपल्या सुनेस सणात मुलगा झाला तेव्हा त्याने बाळंतिणीच्या खाटेवरील छताचा गिलावा काढून वर फांद्या घातल्या, का तर तान्ह्या बाळानेही मांडवात असावे! त्याची हौस गोड वाटते, पण त्या सुनेला काय वाटले असेल तेही मनात येते. तोच ग्रंथ पुढे म्हणतो की पावसाने भांड्यातले अन्न बिघडू लागले तर मांडव सोडून घरात जावे. हा नियम आपल्या मेळ्यांच्या कारभाऱ्यांनी पाठ करावा. पाऊस आला, थंडी वाढली, तर जवळच्या शाळेत वा मंदिरात मुलांना हलविण्याची व्यवस्था आधीच ठरलेली असली पाहिजे.

आता उत्पत्तीच्या तेहेतिसाव्या अध्यायाकडे या, कारण ह्या पाठाचे नाव तेथून घेतले आहे. एसाव म्हणाला, चला, बरोबर जाऊ. याकोबाने उत्तर दिले की मुले कोवळी आहेत, दुभती जनावरे आहेत, एक दिवस घाई केली तर कळप मरेल. मी मुलांच्या चालीने हळूहळू येतो. नंतर तो जेथे उतरला तेथे त्याने गुरांसाठी मांडव केले, व त्या ठिकाणाचे नाव सुक्कोथ पडले. सुक्कोथ म्हणजे मांडव. सणाच्या इब्री नावात हाच शब्द आहे. याकोबाने मुलांना मागे ठेविले नाही, आणि फरफटतही नेले नाही.

मुलांची चाल मेळ्यात कशी ठेवावी? पहिली गोष्ट झोपेची. रात्री दीड वाजेपर्यंत चाललेले भजन मोठ्यांच्या कौतुकाचे असेल, मुलांच्या कामाचे नाही. मुलांचे गायन सायंकाळी दिवे लागताच व्हावे, प्रौढांचे पुढे चालू द्यावे. थंडी जमिनीतून वर येते, म्हणून अंगावर जितके घालाल त्याहून अधिक खाली अंथरा. कडबा किंवा पेंढा, त्यावर घोंगडी. बंद तंबूत शेगडी वा निखारे कधीही ठेवू नयेत. त्यातून निघणाऱ्या विषारी वायूस वास नसतो, आणि झोपलेला मनुष्य उठतच नाही.

दुसरी गोष्ट ध्वनिवर्धकाची. कर्ण्याखाली बसण्याची मुलांना आवड असते, तेथेच त्यांच्या कानांचा नाश असतो. जागतिक आरोग्य संघटनेने मुलांसाठी आठवड्यास ४० तास व ७५ डेसिबल अशी सुरक्षित ऐकण्याची मर्यादा सांगितली आहे. मोठ्यांसाठी ती ८० आहे. आवाज जितका वाढेल तितका हा वेळ झपाट्याने घटतो. मोकळ्या जागी अंतर दुप्पट केले की सुमारे ६ डेसिबल कमी होतात, तेव्हा मुलांच्या चटया मागे घालाव्या. इंग्लंडात १९७४ साली सफोक परगण्यातील एका शेतावर सुरू झालेला ग्रीनबेल्ट नावाचा ख्रिस्ती मेळा आहे. तेथे कुटुंबेच्या कुटुंबे तंबूत उतरतात, गायन, व्याख्याने व उपासना चालतात. तिकडच्या अशा मेळ्यांत आईबाप लहानग्यांच्या कानांवर जाड आवरणे घालतात व दमलेल्यांस छोट्या हातगाडीत बसवितात. आपल्याकडे आवरणे न मिळाली तरी आवाजाची कळ फिरविणारा हात आपलाच आहे.

पाणी उकळून गार केलेले असावे. जुलाब लागलेच तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर व अर्धा चमचा मीठ विरघळवून थोडे थोडे पाजावे, आणि दवाखाना गाठावा. अंगावरचे दूध बंद करू नये.

तिसरी गोष्ट सर्वांत गंभीर. योसेफ व मरीया यांच्याइतके जपणारे आईबाप कोण? तरी तो वाटेच्या मंडळीत असेल असे समजून ते एक दिवसाची वाट चालून गेले, आणि तिसऱ्या दिवशी तो सापडला. “असेल कोणाजवळ तरी” हा विचार गर्दीत फार लवकर येतो, आणि आपल्याच लोकांच्या गर्दीत अधिक लवकर येतो. म्हणून मुलाच्या खिशात बापाचे नाव, गाव व दूरध्वनी क्रमांक लिहिलेली चिठ्ठी असावी. हरवलेल्याने कोठे थांबावे ती खूण, जसे क्रूसाचा खांब वा पाण्याची टाकी, पहिल्याच दिवशी त्याला हाताने दाखवावी. मुलांकडे पाहण्यास दोन माणसे नेमावी, एकटे कोणासही नेमू नये, मग तो कितीही विश्वासू असो. मूल न सापडल्यास पोलिसांस व १०९८ ह्या मुलांच्या मदत क्रमांकास तत्काळ कळवावे. प्रार्थना अवश्य करावी, पण आधी भजन थांबवून नाव पुकारावे.

उपदेशक बंधूंना एक विनंती आहे. आपल्या कित्येक मंडळ्यांतील कुटुंबे दसरा-दिवाळीनंतर ऊसतोडीस जातात, आणि नाताळाचा मेळा भरतो तेव्हा त्यांची मुले कारखान्याच्या आसपास कोपीत असतात. मांडव म्हणजे काय हे त्यांना शिकवावे लागत नाही. ती परत आली म्हणजे चैत्र-वैशाखात एक लहानसा मेळा त्यांच्यासाठी ठेवावा, एका संध्याकाळचाच का होईना, आणि लेवीय २३ मधील पाठ त्यांच्याच तोंडून सांगवावा. कोपीत पाऊस कसा येतो, रात्री वर काय दिसते, आई गाणे कोणते म्हणते, हे विचारावे.

रविवारच्या वर्गात मुलांकडून अंगणात फांद्यांचा मांडव करवून त्यातच स्तोत्र १३१ शिकवावे. मोठ्यांच्या वर्गात एवढेच विचारावे : गेल्या मेळ्यास आपल्या गावातील कोणत्या आया आल्या नाहीत, आणि त्यांस कोणी विचारिले होते काय?