नव्या मोबाइलला जुन्याचा आधार

नवा मोबाइल घरी आला, की जुना बिचारा त्याच संध्याकाळी मुलांच्या हाती खेळायला जातो किंवा दुकानदाराकडे बदलीत दिला जातो. वास्तविक पहिले दोन-तीन दिवस नव्या फोनला जुन्याइतका उपयुक्त मदतनीस दुसरा नसतो.

दोन्ही फोन चार्जिंगला लावून शेजारी-शेजारी ठेवावेत आणि एकाच वाय-फायवर असावेत. बहुतेक अँड्रॉइड फोनमध्ये नव्याच्या पडद्यावर क्यूआर कोड उमटतो. तो जुन्याच्या कॅमेऱ्याने टिपला, की संपर्क, छायाचित्रे व संदेश इकडून तिकडे येऊ लागतात. केबलने जोडल्यास हे काम अधिक खात्रीने होते. आयफोनमध्येही अशीच सोय आहे.

बँकेचे अ‍ॅप मात्र नव्या फोनवर बहुधा चिन्हापुरतेच येते. आतील नोंदणी येत नाही, आणि ती येऊ नये अशीच योजना आहे. अ‍ॅप प्रथम उघडताच फोनमधील सिमवरून एक लघुसंदेश बँकेकडे जातो. तो क्रमांक खात्याशी नोंदलेल्या क्रमांकाशी जुळला, तरच बँक त्या विशिष्ट फोनला मान्यता देते. नुसत्या नकलेने काम भागले असते, तर अर्धा तास फोन हाती लागलेल्या कोणालाही खाते सोबत नेता आले असते. लॉकरला दोन किल्ल्या लागतात, त्यातलाच हा प्रकार. ग्राहकांना तो जाच वाटतो खरा.

म्हणून क्रम महत्त्वाचा. माहिती पूर्ण उतरेपर्यंत सिम जुन्या फोनमध्येच राहू द्यावे, कारण ईमेल खात्याची खातरजमा करणारी सूचना तेथेच येते. मगच सिम हलवून बँकेचे अ‍ॅप सुरू करावे. येथे अडते ते क्षुल्लक कारणांनी: रिचार्ज संपल्याने लघुसंदेश जात नाही, किंवा दोन सिमच्या फोनमध्ये भलतेच सिम निवडले जाते. नोंदलेला क्रमांकच बंद झाला असेल, तर शाखेत जाऊन तो बदलून घेणे आले. यूपीआयचा पिन खात्याशी निगडित असतो. तो आठवत असल्यास नव्याने ठरवावा लागत नाही. सांकेतिक अंक दाखवणारे ऑथेंटिकेटर अ‍ॅप वापरणाऱ्यांनी त्यातील खाती जुना फोन पुसण्यापूर्वीच नव्यावर घ्यावीत. एकदा फोन पुसला, की मग ती परत मिळवण्यात दिवस जातात.

खरा धोका यंत्रांपेक्षा मदतीला धावून येणाऱ्या अनोळखी माणसाचा. इंदूरच्या किंवा बडोद्याच्या निवृत्त गृहस्थांना मुलगा परगावाहून नवा फोन धाडतो. काही अडले म्हणून ते इंटरनेटवर मदत क्रमांक शोधतात, आणि पलीकडची व्यक्ती नम्रपणे एखादे अ‍ॅप उतरवून घ्यायला सांगते. त्या अ‍ॅपमधून फोनचा पडदा दुरून दिसतो, ओटीपीसह. अशा अ‍ॅपच्या गैरवापराबाबत रिझर्व्ह बँकेने २०१९ मध्येच सावध केले होते. जोडणीला मदत हवी असेल, तर ती घरच्या माणसाची किंवा शाखेतील कर्मचाऱ्याची घ्यावी. बँकेचा क्रमांक पासबुकावर अथवा डेबिट कार्डाच्या पाठीमागे पाहावा. पैसे गेल्याचे कळताच १९३० या राष्ट्रीय क्रमांकावर त्वरित कळवावे. तेथे प्रत्येक मिनिटाला मोल आहे.

नव्या फोनवरून एखादा लहान व्यवहार सुरळीत पार पडल्यावर जुन्याला निरोप द्यावा. त्यातील बँकेच्या अ‍ॅपमधून नोंदणी काढावी, गूगल वा अ‍ॅपल खाते हटवावे आणि नंतर फोन मूळ स्थितीत न्यावा. खाते न हटवता पुसलेला फोन नव्या मालकाकडे जुन्याचाच पासवर्ड मागत बसतो. सिम व मेमरी कार्ड काढून घेणे बहुतेकांच्या लक्षात असते. कव्हरच्या आत खोचलेली, पिन लिहिलेली चिठ्ठी मात्र तेवढी राहून जाते.