टीव्हीवरचे सर आणि पाण्याखालचा पाइप

कुठे पूल पडला, धरणाला गळती लागली की संध्याकाळच्या बातम्यांत एखादे प्राध्यापक हमखास दिसतात. खाली पट्टीवर नाव आणि ‘तज्ज्ञ’. बोलायला मिळतो अर्धा मिनिट. तेवढ्यात सर नुसतं मत सांगतायत की मोजून सांगतायत, हे आपण कसं ओळखायचं? मला ते एका उदाहरणातून कळलं, आणि ते आपल्या फ्लुइड मेकॅनिक्समधलंच आहे.

२० एप्रिल २०१० रोजी मेक्सिकोच्या आखातात ‘डीपवॉटर होरायझन’ या रिगवर स्फोट झाला. ११ जण गेले. दीड किलोमीटर खोल समुद्रतळाशी तुटलेल्या पाइपातून तेल येत राहिलं. किती? अधिकृत आकडा होता रोज ५,००० बॅरल. १२ मे रोजी बीपी कंपनीने गळतीचा अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओ बाहेर दिला. नॅशनल पब्लिक रेडिओच्या बातमीदारांनी तो पर्ड्यू विद्यापीठातले मेकॅनिकलचे प्राध्यापक स्टीव्ह वेअरली यांना बघायला सांगितला. त्यांचा विषय पार्टिकल इमेज व्हेलॉसिमेट्री. लागोपाठच्या फ्रेममध्ये प्रवाहातला गोळा किती सरकला ते मोजायचं, त्यावरून वेग काढायचा आणि पाइपाच्या क्षेत्रफळाने गुणायचं. झालं! त्यांचं उत्तर आलं रोज ७०,००० बॅरल, २० टक्के इकडे-तिकडे. कंपनीला ते मान्य नव्हतं.

आता कोण खरं? कॅल्क्युलेटर काढा. एक बॅरल म्हणजे १५९ लिटर. पाइपाचा व्यास साधारण अर्धा मीटर धरा, क्षेत्रफळ ०.१९६ चौरस मीटर. रोज ५,००० बॅरल असतील तर वेग येतो सेकंदाला जेमतेम ५ सेंटिमीटर. ७०,००० असतील तर सुमारे ६६. व्हिडिओत तर तेल धो धो उसळतंय! म्हणजे ज्या सूत्राला परीक्षेत आपल्याला दोन मार्क मिळतात, त्याने अधिकृत आकड्यावर शंका घेता येत होती. बर्कलेचे यूजीन चियांग तर खगोलभौतिकीचे प्राध्यापक. त्यांनी कागद-पेन्सिलीवर २०,००० ते १,००,००० असा अंदाज दिला. पट्टा केवढा मोठा! पण मला तो प्रामाणिक वाटतो. ‘मी ड्रॉइंग पाहिलेलं नाही, आज सांगता येणार नाही’ असं म्हणणारे सर आपल्या चॅनलवाल्यांना चालतील का, शंकाच आहे.

एक गोष्ट मात्र व्हिडिओतून सुटत नाही. बाहेर पडणाऱ्या लोटात तेल किती आणि गॅस किती? वेग बरोबर मोजला तरी हे प्रमाण चुकलं की तेलाचा आकडा चुकतो.

पुढे सरकारने तज्ज्ञांचा गट नेमला, त्यात वेअरलीही होते. ऑगस्ट २०१० मध्ये आकडा आला सुरुवातीला रोज ६२,०००, विहीर बंद होताना ५३,००० बॅरल. हा नुसता अभ्यासाचा प्रश्न नव्हता, कारण तिथल्या कायद्यात दंड बॅरलमागे मोजतात. म्हणून भांडण कोर्टात गेलं. दोन्ही बाजूंनी आपापले तज्ज्ञ उभे केले आणि जानेवारी २०१५ मध्ये न्यायाधीशांनी एकूण ४० लाख बॅरल धरले. त्यातले ८ लाख १० हजार कंपनीने गोळा केले होते, ते दंडातून वगळले. ४० लाखांना ८७ दिवसांनी भागा. रोजचे ४६,००० येतात. वेअरलींच्या खालच्या टोकापेक्षाही कमी, पण त्या ५,००० च्या नऊपट.