जीपगाडीचा डायनामो आणि अल्टरनेटर : एक उपयुक्त पाठ

बिदर आणि कलबुर्गी या दोन जिल्ह्यांच्या सरहद्दीवर ज्यांचे गाव आहे, त्यांस जीपगाडीची ओळख करून देण्याचे कारण नाही. हुमनाबाद-बिदरकडील तांबडी जांभ्याची जमीन असो, की आळंदकडील काळे चिकट रान असो. पावसाळ्यात जेथे दुसरी गाडी रुतते तेथून जीप निघते, असा आपल्या लोकांचा अनुभव आहे. अडलेल्या बाईला रात्री दवाखान्यात न्यावयाचे झाले म्हणजे गावात जी कोणती जुनी जीप असेल तिच्याच दारी लोक जातात. अशा वेळी इंजिन दगा देत नाही, दगा देतात ते दिवे. ओढ्याच्या अलीकडे ते पिवळे पडू लागतात आणि पलीकडे जाईपर्यंत काजव्यासारखे होतात. हे का होते व त्यावर उपाय कोणता, एवढाच या पाठाचा विषय आहे.

मूळची विलीज जीप महायुद्धाच्या काळातली. तिची वीज 6 व्होल्टची होती. आपल्या देशात 1945 साली निघालेल्या महिंद्र आणि महंमद या पेढीने 1947 पासून जीपची जुळणी हाती घेतली. 1948 साली पेढीचे नाव महिंद्र आणि महिंद्र झाले. पुढे 12 व्होल्टची पद्धत आली, परंतु वीज निर्माण करणारे यंत्र बराच काळ डायनामोच राहिले. आपल्याकडे हौसेने जपलेल्या जुन्या गाड्यांत ते अजूनही पाहावयास मिळते.

शाळेत आपण फॅरडेचा 1831 सालचा शोध शिकतो : तारेचे वेटोळे आणि लोहचुंबक यांपैकी एक दुसऱ्याजवळ हलले की तारेत वीज उत्पन्न होते. मुले हे पाठ करतात, परीक्षेत लिहितात, आणि बोनेटखाली तोच नियम पट्ट्यावर गरगरत असतो इकडे त्यांचे लक्ष जात नाही. असो. डायनामोत चुंबक स्थिर असतो व तारेचे वेटोळे फिरते. म्हणजे तयार झालेली सगळी वीज फिरत्या भागातून बाहेर काढावी लागते, आणि हे काम तांब्याच्या पट्ट्यांवर घासणारे कार्बन करतात. कार्बन झिजतात, ठिणग्या उडतात. फार वेगाने फिरविले तर वेटोळ्याची तार बाहेर फेकली जाण्याचे भय. त्यामुळे डायनामोची पुली मोठी ठेवावी लागते आणि इंजिन सावकाश चालत असता तो जवळजवळ काहीच देत नाही.

अल्टरनेटरने ही मांडणी उलटी केली. येथे चुंबक फिरतो व वेटोळे स्थिर राहते. कार्बनमधून जाते ती चुंबकापुरती थोडीशी वीज. मोठा प्रवाह स्थिर भागातून सरळ बाहेर येतो. तो उलटसुलट वाहणारा असतो, बॅटरीस तो चालत नाही. म्हणून सिलिकॉनचे डायोड त्याला एकाच दिशेने जाऊ देतात. हे लहानसे डायोड स्वस्त व टिकाऊ झाले, तेव्हा 1960 नंतर मोटारींतून डायनामो मागे पडत गेला. डायोड वीज परत येऊ देत नाहीत, म्हणून कटआउटचीही गरज उरली नाही. आणि पुली लहान असल्याने इंजिनाच्या एका फेऱ्यात अल्टरनेटरचे दोन-अडीच फेरे होतात. चिखलात दुसऱ्या गियरमध्ये हळूहळू जाणाऱ्या गाडीस नेमके हेच हवे.

आता थोडे गणित करू. समोरचे दोन दिवे प्रत्येकी 60 वॅटचे, म्हणजे 12 व्होल्टवर 10 अँपिअर. वर दोन जादा दिवे बसविले असतील तर आणखी 9. वायपर, मागचे दिवे, इग्निशन मिळून 12 धरा. बेरीज 31. ज्या डायनामोवर 35 चा आकडा लिहिलेला असतो तो हे अँपिअर भरधाव गाडीत देतो. चिखलात समजा 16 च मिळाले, तर उरलेले 15 बॅटरीतून जाणार. 60 अँपिअर-तासांची बॅटरी कागदावर चार तास पुरेल, प्रत्यक्षात जुनी बॅटरी त्याच्या कितीतरी आधी मान टाकते. यास्तव आमच्या मते अशा गाडीस 60 अँपिअरच्या आसपासचा अल्टरनेटर पुरे. कोणी 120 चा बसवून देतो म्हणाला तर त्याला पट्ट्याविषयी विचारावे. 60 अँपिअरसाठीच इंजिनाची सुमारे दोन अश्वशक्ती एका पट्ट्यावरून जाते. त्याहून फार अधिक झाले की पट्टा घसरतो आणि किंचाळतो.

यंत्र बदलले व तार जुनीच ठेवली, ही फार आढळणारी चूक. 6 चौरस मिलिमीटरची दोन मीटर तांब्याची तार घ्या. 60 अँपिअर गेले की तीत सुमारे 21 वॅट उष्णता होते. जुने आवरण वितळावयास आणि पेट्रोलच्या नळीजवळ आग लागावयास तेवढे कारण पुरते. 16 चौरस मिलिमीटरची तार घातली तर तीच उष्णता आठ वॅटांवर येते. ही तार थेट बॅटरीस न्यावी व बॅटरीजवळ योग्य फ्यूज घालावा. जुन्या गाडीत सगळी वीज डॅशबोर्डवरील अँमीटरमधून जाते. 30 अँपिअरचे ते काट्याचे यंत्र 60 सोसणार नाही. ते वाटेतून काढून त्या जागी व्होल्टमीटर लावावा. इंजिन व चासी यांमधील अर्थिंगची पट्टीही नवी घालावी, कारण वीज जितकी जाते तितकीच तिला परत यावयाचे असते.

लहान तारेवरील तांबडा दिवा केवळ इशाऱ्यासाठी आहे असे समजू नये. त्यातूनच आरंभी चुंबकास वीज मिळते; तो बल्ब गेला तर कित्येक अल्टरनेटर जागेच होत नाहीत, आणि गॅरेजमध्ये निष्कारण यंत्र उघडले जाते. डिझेल गाडीत आणखी एक गोष्ट तपासावी. काही अल्टरनेटरांच्या पाठीस व्हॅक्यूम पंप जोडलेला असतो व त्यावर ब्रेकचे साहाय्य चालते. पंप नसलेला अल्टरनेटर बसविला तर दिवे लख्ख लागतील, पण ब्रेकचे पेडल दगडासारखे कठीण होईल.

गॅरेजातील पोरांस एक गोष्ट वडीलधाऱ्यांनी अवश्य सांगावी. डायनामोच्या काळातील उस्ताद चालू इंजिनावर बॅटरीची तार उपटून चार्जिंग पाहत. अल्टरनेटरवर हा प्रयोग केला की व्होल्टेज क्षणात उसळते आणि डायोड जळतात. बॅटरी उलटी जोडली तरी तेच. गाडीस वेल्डिंग करावयाचे असेल तर आधी बॅटरीच्या व अल्टरनेटरच्या तारा सोडाव्यात. कामास हात घालताना प्रथम बॅटरीची ऋण तार काढावी, व जोडताना ती शेवटी जोडावी.

बसविताना दोन्ही पुल्या एका रेषेत आहेत की नाहीत हे सरळ पट्टी लावून पाहावे. पट्टा मधोमध अंगठ्याने दाबला असता सुमारे अर्धा इंच खाली जावा. फार ताणला तर बेअरिंग जाते. शक्य असेल तेथे यंत्र उंच बसवावे, म्हणजे ओढ्याचे पाणी व काळ्या मातीचा चिखल त्यात शिरत नाही. मग मीटर लावावा. इंजिन बंद असता भरलेली बॅटरी 12.6 व्होल्टच्या जवळपास दाखवील. चालू केल्यावर, सर्व दिवे लावूनही, 13.8 ते 14.4 दिसले पाहिजेत. 15 च्या वर काटा गेला तर रेग्युलेटर बिघडला आहे, बॅटरीचे पाणी उकळेल. नवा पट्टा पहिल्या पंधरा दिवसांत थोडा सैल पडतो. तो तेव्हा पुन्हा एकदा ताणून घ्यावा.