चर्चच्या भिंतीवरील बाण

इंग्लंडमधील खेड्यांत हिंडताना जुनी दगडी चर्चे जागोजागी दृष्टीस पडतात. त्यांतील कित्येक सातआठशे वर्षांची आहेत. अशा एखाद्या चर्चच्या मनोऱ्याचा पायथा निरखून पाहिला, तर दगडात कोरलेली एक लहानशी खूण आढळते. वर एक आडवी खाच आणि खालून तिच्याकडे टोक केलेला तीन रेघांचा बाण, एवढेच तिचे रूप. ही खूण कोणा भाविकाची नव्हे की गवंड्याची नव्हे. हे भूमापकांचे तलचिन्ह होय.

ज्या जागेची समुद्रसपाटीपासूनची उंची काटेकोरपणे मोजून नोंदविलेली असते, तेथील कायमच्या खुणेस तलचिन्ह म्हणतात. १७९१ साली स्थापन झालेल्या ‘ऑर्डनन्स सर्व्हे’ या संस्थेने अशी सुमारे पाच लक्ष चिन्हे ब्रिटनभर उमटविली.

मुलांनो, खेड्याला उंचीची एवढी चिंता कशाला, असे तुम्हांला वाटेल. परंतु पाणी उताराकडेच धावते. कालवा खणताना किंवा गटार बांधताना उतार चार बोटे जरी चुकला, तरी पाणी तुंबते आणि सांडपाणी लोकांच्या घरांत शिरते. म्हणून बांधकामापूर्वी विश्वासाची एक उंची हाताशी असावी लागते.

आता ही उंची मोजायची कोठून? समुद्र तर भरतीओहोटीने सारखा खालीवर होत असतो. यासाठी कॉर्नवॉलमधील न्यूलिन बंदरात १९१५ ते १९२१ अशी सहा वर्षे दर तासाला पाण्याची पातळी नोंदविण्यात आली. तिची सरासरी काढून तिलाच शून्य मानले. तेथील पितळी खुणेपासून भूमापक टप्प्याटप्प्याने निघाले. मागेपुढे दोन मोजपट्ट्या उभ्या करायच्या, मध्ये दुर्बीण समपातळीत ठेवायची आणि दोन्ही आकड्यांतील फरक टिपायचा. असे करीत ते गावोगाव पोहोचले. घरे पडतात, झाडे तुटतात, रस्ते खणले जातात. चर्चचा भक्कम पाया मात्र सहसा ढळत नाही. म्हणून खुणेसाठी त्यांनी पुष्कळदा चर्चचीच भिंत निवडली.

आता उपग्रहांच्या साहाय्याने उंची मोजता येते. त्यामुळे या चिन्हांची निगा राखणे थांबले असून निम्म्याच्या आसपास नष्टही झाली आहेत. शिवाय जेथे पोटात खाणी आहेत, तेथे जमीन खचून नोंदलेली उंचीही बदललेली असू शकते. म्हणून जुन्या खुणेचा आकडा नव्याने पडताळल्यावाचून कोणी वापरू नये.

आपल्या नागपुरातही शून्य मैलाच्या स्तंभापाशी १९०७ सालचे असे तलचिन्ह आहे. तेथे गेलात, तर क्षणभर थांबून ते अवश्य पाहा. पायी चालत, ऊनपाऊस सोसत, एकेक आकडा पुन्हा पुन्हा तपासणाऱ्या अनेक अनामिकांचे श्रम त्या दगडात साठले आहेत.