रिस्टोअर दाबण्याआधी

वाचनालयातले जुने दिवाळी अंक आम्ही काहीजण स्कॅन करतो. ते सगळं एनटीएफएस फॉरमॅटच्या एक टीबी पोर्टेबल हार्ड डिस्कवर होतं. एका कार्यकर्त्याला सोळा जीबीच्या पेनड्राइव्हवर उबुंटूची आयएसओ चढवायची होती. त्यानं लिनक्सवरचं 'डिस्क्स' हे अ‍ॅप उघडलं, 'रिस्टोअर डिस्क इमेज' निवडलं आणि धोक्याच्या सूचनेला होकार दिला. डावीकडच्या यादीत निवडलेली होती आमची हार्ड डिस्क.

जवळपास सहा जीबीची ती फाइल डिस्कच्या अगदी पहिल्या बाइटपासून लिहिली गेली. पार्टिशन टेबल गेलं. फायलींची नावं आणि जागा जिथं नोंदलेल्या असतात, त्या नोंदींचा मोठा भागही तिथंच होता, तोही गेला. मी पोहोचलो तेव्हा तो डिस्क फॉरमॅट करायच्या बेतात होता. तेवढं थांबवता आलं, आणि पुढचं सगळं त्यावर निभावलं.

आधी त्याच 'डिस्क्स'मधून 'क्रिएट डिस्क इमेज' करून दुसऱ्या, मोठ्या डिस्कवर पूर्ण प्रत घेतली. ही प्रत डिस्कच्या आकाराएवढी होते, फायली कितीही कमी असोत. मग त्या प्रतीवर 'फोटोरेक' चालवलं. ते फाइल तिच्या आतल्या खुणांवरून ओळखतं, त्यामुळे बरेच अंक परत आले, पण नावांशिवाय. एकेक पीडीएफ उघडून मुखपृष्ठावरून साल लावावं लागलं. ज्या जागेवर आयएसओ लिहिली गेली, तिथलं काही परत येत नाही.

म्हणून सांगतो. काम सुरू करताना इतर बाह्य डिस्का काढून ठेवा. उरलेल्या डिस्कचं मॉडेल आणि आकार वाचा. लिनक्स डिस्कला देतं त्या 'एसडीबी'सारख्या नावावर विसंबू नका, कारण जोडण्याच्या क्रमानुसार ते बदलतं. 'डिस्क्स'च्या खिडकीत वरच्या तीन ठिपक्यांचा मेनू अख्ख्या डिस्कवर चालतो, पार्टिशनांच्या आकृतीखालचं दातेरी चाक फक्त निवडलेल्या पार्टिशनवर. ही दोन बटणं नीट ओळखून घ्या, घोटाळा इथेही होतो.

साध्या फायली कॉपी करतानाही जपा: कॉपीची पट्टी पूर्ण दिसली तरी माहिती काही वेळ मेमरीतच असू शकते. अनमाउंट करा, 'पॉवर ऑफ' करा, मगच केबल काढा. फॅट३२च्या पेनड्राइव्हवर चार जीबीची फाइल बसत नाही. मोठ्या स्कॅनसाठी एक्सफॅट घ्या.

चुकीच्या डिस्कवर लिहिलं गेलंच, तर तिच्यावर एकही नवी फाइल टाकू नका, दुरुस्तीचं बटणही दाबू नका, प्रत आधी. आणि तुमच्या संस्थेचं काम आज एकाच डिस्कवर असेल, तर याच महिन्यात दुसरी डिस्क घ्या आणि ती वेगळ्या इमारतीत ठेवा.